कशालाबाईंची कोरी सुरुवात

गेल्या वर्षीचा आकडा कोणी काढला की आमच्या हिशेबखात्याच्या बाई त्याला मध्येच तोडायच्या. "ते वर्ष संपलं. यंदा कशाला हवंय ते बोल." बोईसरच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात सगळे त्यांना कशालाबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी त्यांच्या हाताखाली टायपिस्ट होते. इतरत्र अंदाजपत्रक म्हणजे मागच्या आकड्यात थोडी भर. बाई प्रत्येक खर्च आधी शून्यावर आणत. काम काय, ते थांबवलं तर काय बिघडेल, स्वस्तात होईल का, हे ज्या त्या खात्यानं पटवून द्यायचं. मग गरजेप्रमाणे कामं वरखाली लावायची आणि वरून पैसे देत यायचं. पैसे संपले की तिथे रेघ.

घरीही तेच. दर पाडव्याला त्यांचे यजमान आपल्या खर्चांची बाजू मांडत. एकदा मी जेवायला गेले तर म्हणाले, "मीनाताई, यंदा तंबाखू गेली, पण रविवारचं पापलेट राखलं!" बाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "पापलेटावर चांगले बोलले. तंबाखूवर त त प प झालं."

एका वर्षी मागणी घटली. शेठनी सरसकट कपात सांगितली, वर कामगारांची बस बंद. घिवली गावाहून पॅकिंगच्या बायका त्याच बसने यायच्या आणि मीही. बस गेली असती तर माझी नोकरीही गेली असती. सासरी तेवढंच निमित्त हवं होतं.

"बाई, तुम्ही सांगा ना शेठना," मी म्हटलं.

"बस माझी नाही. जिची आहे तिला बोलू दे."

हिशेबात बस दिवाळीच्या मिठाईशेजारी, कामगार-कल्याणात होती. म्हणजे रेघेखाली. बाईंनी थेट सभेतच पॅकिंगच्या जमनाबाईला बोलावलं आणि विचारलं, "बस नसली तर?"

"नसली तं पयल्या पालीला कोन नाय मिलनार. आमी चालत येऊ दुपारपरत. शेठ, तुमी गाडी सोडून चालत या एक दिवस, मंग बगू!"

शेठसुद्धा हसले. बाई हसल्या नाहीत. पुढचा कागद उचलून त्यांनी विचारलं, "पालघरचं गोदाम?"

"ते नेहमीचंच आहे," स्टोअरचे साहेब म्हणाले.

"आत काय आहे?"

साहेबांना शेवटी सांगावंच लागलं. माल कधीपासून ट्रकने थेट फाटकात उतरत होता. गोदामात रिकामी पिंपं होती आणि साहेबांचं घरचं कपाट. भाडं मात्र दरवर्षी वाढवून मंजूर होत आलं होतं.

यादीत बस कच्च्या मालाच्या खालोखाल गेली. गोदाम रेघेखाली. त्याच्या भाड्यात बस वर्षभर फिरणार होती.

"ते गोदाम घेतलं कोणी?" शेठ गरजले.

"तुम्हीच," बाई म्हणाल्या.

पुढे यजमानांची बदली झाली आणि बाई निघाल्या. तोवर कारखाना सावरला होता, बायका वाढल्या होत्या, दुसरी बस हवी होती. त्यांच्या शेवटच्या सभेत तिची बाजू मी मांडली. शेठनी तासभर उलटतपासणी घेतली. बाई शेजारी बसून एक अक्षर बोलल्या नाहीत. बस मंजूर झाली.

संध्याकाळी जमनाबाईनं त्यांना जेवायला घिवलीला न्यायचं ठरवलं होतं. बाई पहिल्यांदाच आमच्या बसमध्ये चढल्या. जमनाबाईनं खिडकीची जागा दिली आणि ड्रायव्हरला ओरडली, "हलू चालव रं, आज आमची बाय हाय गाडीत!"