मोरपंखीचा आडोसा

झाडांच्या डॉक्टरचा हात आजारी झाडावरून फिरला तर आईसारखा, आणि माणसावर उठला तर दात हातात देणारा. रोपवाटिकेत कोवळा शेंडा उगीच खुडला म्हणून त्याने एका गिऱ्हाइकाला कुंडी फेकून मारली होती. लोक त्याला डॉक्टर म्हणत ते निम्मं कौतुकाने, निम्मं भीतीने.

त्या दिवशी भर दुपारी दाजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, फोन आला. "अंगणातली मोरपंखी वाळतेय. काहीही कर, पण वाचव. आडोसा जातोय."

ही मोरपंखी ताईच्या लग्नानंतर डॉक्टरनेच लावलेली. बारा महिने हिरवी, जमिनीपासून छपरापर्यंत भिंतीसारखी दाट. वर्षातून दोनदा तो तिची छाटणी करायला जाई, आणि दाजी दर वेळी म्हणत, "अजून दाट होऊ दे."

डॉक्टर पोचला तेव्हा तिची टोकं तांबूस पडली होती. आतला पाला वाळला असता तर डॉक्टरने मनावर घेतलं नसतं. जुना पाला गळतोच. ही बाहेरून जळत होती. त्याने पांढऱ्या कागदावर फांदी झटकली; पाल्यातला रस शोषणारे लाल कोळी पडले नाहीत. नखाने साल खरवडली. खाली अजून ओलं हिरवं होतं. मग मुळाशी खणून चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकला.

"मीठ! कुणीतरी मीठ घालतंय हिला."

मुळं भिंतीत शिरतात म्हणून शेजारी मागे कुरकुरला होता. डॉक्टरला तेवढं पुरलं. विचारपूस वगैरे त्याच्या स्वभावातच नव्हती. त्याने मधली भिंत ओलांडली, कपडे वाळत घालणाऱ्या शेजाऱ्याची गचांडी धरली आणि तोंडावर ठोसा लगावला. ओठ फुटला. दुसरा ठोसा उगारला तोच ताई ओरडत आली.

"सोड त्यांना! मी घातलंय मीठ. महिनाभर, रोज ओंजळभर."

"तू? का?"

ताईने बाही वर केली. दंडावर जुने पिवळे डाग होते आणि त्यांच्यावर नवे निळे. "नवरा अंगणातच मारतो. रस्त्यावरून कुणाला काही दिसत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"स्वतःचा हात बघ ना! तू त्याला मारून टाकलं असतंस आणि तुरुंगात गेला असतास. मग मला कोण होतं?"

डॉक्टरने हात पाहिला. बोटांवर शेजाऱ्याचं रक्त होतं. इतकी वर्षं आपणच हा आडोसा छाटून छाटून दाट केला होता. तो भिंतीवरून परत आला आणि आपल्या अवजारांतली कुऱ्हाड उचलली. दारात उभे असलेले दाजी पांढरेफटक पडले. दोन पावलं तो त्यांच्याकडे गेला, थांबला, आणि वळून मोरपंखीच्या बुंध्यावर घाव घातला.

मग तो थांबलाच नाही. तळवे सोलवटले, ढलप्या तोंडावर उडाल्या. आवाजाने रस्त्यावर माणसं गोळा झाली. मोरपंखी कुंपणावर कोसळली आणि अंगण उघडं पडलं.

"सटवे, हे तू केलंस!" दाजींनी ताईचे केस धरून तिच्या कानाखाली आवाज काढला. पुन्हा हात उगारला. डॉक्टर धावला, पण त्याच्या आधी शेजारी आत शिरला होता. त्याने दाजींचं मनगट पिरगाळलं आणि फुटक्या ओठानेच गर्दीला ओरडून विचारलं, "इतके दिवस मी नुसता आवाज ऐकून गप्प बसलो. आता सगळ्यांनी बघितलंत ना?"

"बघितलं," रस्त्यावरून एक बाई म्हणाली आणि फाटक उघडून आत आली.