सातवा बूट

गल्लीच्या टोकाच्या बालवाडीतल्या नव्या बाईंना दहापर्यंतसुद्धा मोजता येत नाही, अशी बातमी एकदा कानोकानी झाली. उगम भक्कम होता. शिंपीणकाकूंची चार वर्षांची नात रोज घरी येऊन सांगायची, "आजी, आज पण बाई सात विसरल्या."

शिंपीणकाकूंच्या कानात शिरलेली गोष्ट दुकानाबाहेर पडायला बाहीचं माप घेण्याएवढाही वेळ लागत नाही. न्हावी म्हणाला, "सात गेला की आठवडा सहाच दिवसांचा. पोरांची सुट्टी बुडाली की हो."

बाई अजून नोकरीत कायम व्हायच्या होत्या. संस्थेच्या अध्यक्षीणबाई शहानिशा करायला निघाल्या. बातमी खरी निघाली, तर बाईंना नारळ. साक्षीला शिंपीणकाकू होत्याच.

बालवाडीत सगळं गुडघ्याएवढं. खुंट्या, बेसिन, आरसा. आरशात अध्यक्षीणबाईंना फक्त स्वतःचं पोट दिसलं, तशा त्या चटकन बाजूला झाल्या आणि एका चिमुकल्या खुर्चीत बसल्या. खुर्चीने टिकाव धरला, रुबाबाने नाही.

बाई जमिनीवर फतकल मारून, मुलांनी ओळीत लावलेले बूट बोटाने मोजत होत्या.

"चार, पाच, सहा, आठ..."

मुलं खुदखुदली, पण चूक कोणी सांगेना. सगळ्यांच्या माना शिंपीणकाकूंच्या नातीकडे वळल्या. ते काम तिचं होतं. ही पोर घरी अखंड टकळी चालवणारी, पण बालवाडीत आली की तोंडाला कुलूप. शिंपीणकाकूंना रात्रंदिवस हाच घोर.

पोर उठली. बाईंचं बोट धरून तिने मागे नेलं आणि एका लाल बुटावर टेकवलं.

"हा सात. किती वेळा सांगायचं, बाई?"

शिंपीणकाकूंचा 'आ' मिटेना. "ही इथं बोलते?"

"एवढंच बोलते," बाई म्हणाल्या. "काल मात्र मला वेंधळी म्हणाली. फार बरं वाटलं."

"ते असू दे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आता एकदा बरोबर मोजून दाखवा."

बाईंनी तोंड उघडलं, तोच शिंपीणकाकू आडव्या आल्या. "खबरदार बरोबर मोजाल तर. माझी नात परत गप्प बसायची. चुकू द्या हो यांना, अध्यक्षीणबाई. कायम चुकू द्या."

अध्यक्षीणबाईंनी त्यातलं 'कायम' तेवढं उचललं. मग ऐटीत उठायला गेल्या, तर खुर्चीही सोबत उठली. बाईंनी अध्यक्षीणबाईंचे हात धरले, मुलं खुर्चीला लटकली आणि मोठमोठ्याने आकडे म्हणत ओढू लागली. सातला खुर्ची सुटली.

बाईंना मोजता येत होतं. पहिल्या दिवशी मात्र त्या घाबरून खरोखरच सात विसरल्या होत्या आणि ती मुलगी बालवाडीत पहिल्यांदा बोलली होती. दुसऱ्या दिवसापासून त्या मुद्दाम विसरू लागल्या.