पान धुवायची दारू

माझा भाऊ चुडामण धुळ्याच्या एका खाजगी हायस्कुलात सायन्स शिकवायचा. चौतीस सालची गोष्ट. मी भिकुबाई, त्याची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून भावाचीच चूल सांभाळली. आता लोक म्हणतात, "अक्का, जुनं कशाला उकरता?" का नको उकरू? ज्यांनी पुरलं ते दोन वेळा पोटभर जेवतात, आणि मी तेवढं तोंड शिवून बसायचं?

चुडामण काही देवमाणूस नव्हता. हट्टी होता. जेवताना पुस्तक वाचायचा आणि आमटी ताटाबाहेर सांडायचा. पण सुपारीचं खांडसुद्धा त्यानं जन्मात तोंडात घातलं नाही.

इंग्रजी पाचवीला तो फोटोसिंथेसिस शिकवायचा. शिकवायचा म्हणजे काय, बाकीचे मास्तर करत तेच. फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहायचं आणि पोरांनी ते घोकायचं. एक दिवस पिंपळनेरकडचा खेमा नावाचा पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पान उन्हात अन्न रांधस, हाई तुम्ही देखेल शे का?"

वर्ग खो खो हसला. चुडामण घरी आला तो भाकरीला हात लावेना. म्हणाला, "अक्का, मी बी.एस्सी. झालो, पण कॉलेजात आमच्या वाट्याला नुसती आकृती आली. मी हे पाठ केलंय गं, पाहिलेलं नाही. पोराला तसंच सांगावं लागलं."

"मग दाखव की त्याला," मी म्हटलं. "रडतोस काय?"

आता प्रयोग म्हणाल तर साधा. पान उन्हात पीठ तयार करतं. त्या पिठावर आयोडिन टाकलं की ते काळंनिळं होतं. पण आधी पानाचा हिरवा रंग काढावा लागतो, नाहीतर काही दिसत नाही. आणि तो रंग पाण्यात उतरत नाही, त्याला स्पिरिट लागतं. चुडामण हेडमास्तरांकडे गेला. शाळेत सायन्सचं काचेचं कपाट होतं, त्यात चिठ्ठ्या चिकटवलेल्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. बाटल्या सगळ्या रिकाम्या! कपाट इन्स्पेक्टराला दाखवायला होतं, उघडायला नाही. हेडमास्तर म्हणाले, "पुस्तकात आकृती आहे ना? ती काढून द्या पोरांना."

मग या शहाण्यानं काय करावं? रविवारी खेमाच्या गावी गेला, आणि त्याच्या आईकडून, चमेलीबाईकडून, मोहाची पहिल्या धारेची बाटली घेऊन आला. आणून ठेवली कुठं, तर माझ्या चुलीशेजारी!

मी लाटणंच उचललं. "मेल्या, बापानं शेत विकून शिकवलं ते यासाठी?"

"अक्का, पिण्याची नाही गं. पान धुवायची आहे."

"दारूनं पानं धुतात? अकलेचं दिवाळं निघालं काय तुझ्या?"

अंगणातली जास्वंदीची कुंडी त्यानं आधीच दोन दिवस टोपलीखाली झाकून ठेवली होती, म्हणजे पानातलं जुनं पीठ संपून जावं. मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी अडकवून कुंडी दिवसभर उन्हात ठेवली. संध्याकाळी ते पान उकळलं. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून तिच्यात दारू ओतली आणि पान त्यात सोडलं. दारू हिरवी झाली आणि पान पांढरं पडलं. वर दवाखान्यातून आणलेलं आयोडिन टाकलं. बघता बघता पान काळंनिळं झालं, पट्टीखालची जागा तेवढी फिक्कट राहिली.

"म्हणजे ऊन नाही मिळालं तेवढी जागा उपाशी राहिली?" मी विचारलं.

त्यानं टाळीच वाजवली. "अक्का, हेच मी वर्गात सांगणार!"

सांगितलंही त्यानं. पोरं बाकावर चढून बघत होती म्हणे. खेमा ओरडला, "आते देखं!" त्या दिवशी माझा भाऊ दोन भाकरी जास्त जेवला.

पण वर्गात वास सुटला होता. शिपायानं हेडमास्तरांना सांगितलं, हेडमास्तरांनी शाळा कमिटीचे अध्यक्ष जीवरामशेठ यांना. आणि हा जीवरामशेठ कोण? तालुक्यातल्या दारूच्या दुकानांचा मक्तेदार! गावाला दारू पाजायची, त्या पैशावर शाळा बांधायची, आणि वर माझ्या भावाला सोवळं शिकवायचं. चोराच्या उलट्या बोंबा!

शेठनं त्याला वाड्यावर बोलावलं. मीही गेले, आतल्या दाराशी बसले. शेठ गोड आवाजात म्हणाला, "मास्तर, कमिटीपुढे एवढंच म्हणा, प्यायला आणली होती, चूक झाली. माणूस आहे, पितो. आम्ही माफ करू, नोकरी राहील."

"पण मी प्यालो नाही."

"ते का मला कळत नाही? पण प्रयोगासाठी आणली म्हणालात, तर इन्स्पेक्टर विचारणार, कपाटातलं स्पिरिट कुठं गेलं? शाळेची ग्रँट बंद होईल."

वाटेत मी त्याला म्हटलं, "म्हणून टाक रे बाबा. तेवढ्यानं अंगाला भोकं पडत नाहीत."

तो थांबला. "अक्का, पोरांनी ते पान डोळ्यांनी पाहिलंय. मी प्यालो म्हटलं, तर उद्या म्हणतील, दारुड्यानं कसली तरी करामत केली. मग ते पानही खोटं ठरेल."

मी खूप भांडले. नोकरी गेली तर खायचं काय, हेही विचारलं. तो हलला नाही.

कमिटीपुढे त्यानं खरं सांगितलं आणि त्याच दिवशी त्याला काढलं. कारण काय दिलं? मास्तर दारू पिऊन वर्गात आला! जळगाव, भुसावळ, जिथं अर्ज करावा तिथं ही बातमी त्याच्याआधी पोचलेली. सोयरीक सांगून येणं बंद झालं. मी दारोदार सांगत फिरले, पण लोक म्हणायचे, बहीणच ती, भावाची बाजू घेणारच. शेवटी आम्ही गावी परतलो. आपलं शेत गेलेलं, म्हणून बी.एस्सी. झालेला माझा भाऊ दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायचा. त्रेचाळीस साली त्याला हिवताप झाला. लढाईमुळे कुनैन मिळेना. आठवड्यात गेला.

लोक दारावर बसायला आले. जीवरामशेठही धुळ्याहून मोटारीतून आला. सगळ्यांसमोर उसासा टाकून म्हणाला, "हुशार माणूस. दारूनं घात केला."

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी बाहेर आले. पदर, रीत, काही पाहिलं नाही. "शेठ, जीभ झडेल तुमची! दारूनं नाही, तुम्ही मारलंत त्याला!"

शेठही चिडला. उठून ओरडला, "मी मारलं? अहो, एक खोटं वाक्य मागितलं होतं मी त्याच्याकडे! फक्त 'प्यालो' म्हणायचं होतं! म्हणाला असता तर आज हेडमास्तर असता!"

मग म्हातारे उखर्डूनाना हळूच म्हणाले, "म्हंजे चुडामण पियेल नव्हता?"

शेठ चपला शोधायला लागला. बठ्ठा गाव त्याच्याकडे बघत होता, आणि ते ऐकायला माझा चुडामण नव्हता.