बिनरेघेचा नट

कारखान्यातून पिकअप येते तीच मुळी पुढून वाकलेली. मागं ओझं लादलं की सपाट व्हावी, म्हणून. पण आमच्या वायोमिंगच्या माणसाला ती रिकामीसुद्धा सपाटच हवी असते. नाक खाली घालून कुणी गावातून गेलं तर दुकानाच्या पायरीवरून हमखास विचारणा होते, "काय रे, जमिनीत काही हरवलंय का तुझ्या गाडीचं?" म्हणून सगळे व्हर्ल हॉल्क्विस्टकडे येतात.

व्हर्ल सहासष्ट वर्षांचा. त्यातली एकेचाळीस गाड्यांखाली गेली. पुढचे दोन्ही शॉकअप काढायचे, डोक्यावर दोन इंचाची लोखंडी चकती बसवायची, परत चढवायचे. सांगायला सोपं आहे हो! पण त्यासाठी चाक धरून ठेवणारा वरचा बॉल जॉइंट सोडवावा लागतो, आणि त्याचा नट ढिला राहिला तर भर उतारावर चाक आडवं पडतं. म्हणून व्हर्लचे दोन नियम. नट आवळला की त्यावर पिवळ्या पेनानं रेघ मारायची, रेघ नाही तर गाडी हलणार नाही. आणि काम संपलं की पाना शून्यावर आणून ठेवायचा. हा पाना आकडा लावायचा, तेवढा जोर बसला की 'टक्' वाजणारा. गाडीच्या चाव्या मात्र त्याची बायको नोरिन ठेवते, आणि देते दुसऱ्या दिवशी सकाळीच. बाई भारी अडेलतट्टू आहे, असं लोक म्हणतात. मीही म्हणायचो.

त्या शनिवारी गाडी पोटच्या पोरीची होती. जोलीनला दोन घोडे ट्रेलरमध्ये घालून खिंडीपलीकडे न्यायचे होते. सकाळी दहाला काम आटोपलं, तेवढ्यात व्हर्ल मोठं पातेलं घेऊन चर्चच्या स्वयंपाकघरात गेला. तिथं नोरिन कुणाच्या तरी अंत्यविधीचं जेवण रांधत होती. तो परत आला तोवर जोलीन निघून गेली होती; तिच्या गाडीची दुसरी चावी तिच्याच खिशात असते.

कॉफी ओतून त्यानं पाना पुसायला घेतला. आकडा तीसवर होता.

तीस म्हणजे शॉकअपच्या वरचे छोटे नट. त्यानंतर डाव्या बॉल जॉइंटसाठी पाना पंच्याऐंशीवर न्यायचा होता. आणि मग नोरिनचा फोन वाजला होता. "व्हर्ल, मोठं पातेलं आण रे, चटकन!" तो हात पुसत फोनवर बोलला आणि परत येऊन त्यानं थेट चाक चढवलं. नट हातानं फिरवलेला आठवत होता. रेघ? रेघ काही केल्या आठवेना.

"अरे देवा," तो म्हणाला. फोन लावला. खिंडीत कधी कुणाचा फोन लागलाय म्हणून आज लागेल! तरी त्यानं तीनदा लावला, मग तसाच आपल्या जुन्या गाडीत बसला.

चाळीस मैलांचा चढ. हात इतके घामेजले होते की स्टीअरिंग निसटत होतं. प्रत्येक वळणावर तो आधी रस्ता नाही, दरी बघायचा. एका ठिकाणी कठडा वाकलेला दिसला आणि त्यानं करकचून ब्रेक दाबला. मग आठवलं, हा तर दोन हिवाळे असाच आहे. पुढं रस्त्यावर टायर घासल्याचे काळे पट्टे होते. तो थांबला, उतरला, खाली डोकावला. खाली नुसतं बर्फ आणि पाईनची झाडं. "माझ्या हातानं," तो मोठ्यानं म्हणाला, "माझ्याच हातानं मी पोरीला..."

माथ्यावरच्या थांब्यावर निळी पिकअप उभी होती. चारही चाकं सरळ. जोलीन बादलीनं घोड्यांना पाणी पाजत होती.

"बाबा? चप्पल घालून आलास तू? बर्फात?"

"गाडी हलवू नकोस!" तो ओरडला. "डावा नट! मी आवळला नाही, पोरी, मी विसरलो!"

जोलीननं बादली खाली ठेवली. ती घाबरली नाही, हे त्याच्या लक्षात आलं. तिनं स्टीअरिंग पूर्ण वळवलं, टॉर्च त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "वाक आणि बघ."

चाकामागं नटावर रेघ होती. पिवळी नव्हे, लाल. नखं रंगवायच्या रंगाची.

"तू पातेलं द्यायला गेलास तेव्हा मी माझ्या पान्यानं आवळला. रेघ नाही तर गाडी हलणार नाही. तूच घोकून घेतलंस ना?"

व्हर्ल तिथंच बर्फात बसला. टॉर्चच्या उजेडात आणखी एक लाल रेघ दिसली, ब्रेकच्या बोल्टवर, धुळीनं मळलेली.

"ही कधीची?"

"मार्चमधली." ती त्याच्याशेजारी उकिडवी बसली. "बाबा, असू दे ना."

मार्चमध्ये त्यानं तिचे ब्रेक केले होते. मघाची भीती बरी, असं वाटण्याजोगी दुसरीच भीती त्याच्या मानेवरून खाली उतरली. "जोलीन, या वर्षात मी बावीस गाड्या सपाट केल्यात. त्यांत बायका-पोरं बसतात. त्यांचं काय गं?"

"आई बघते." जोलीननं त्याचा हात धरला. "तू आंघोळीला गेलास की गॅरेजमध्ये जाऊन एकेक नट बघते. उगाच का चाव्या अडवून ठेवते ती? तिची रेघ गुलाबी असते."

मागं घोडा पाय आपटत होता.

"तुझा पाना दे," व्हर्ल म्हणाला. त्यानं आकडा पंच्याऐंशीवर आणला, नटाला लावून ओढला. टक् वाजलं. मग खिशातला पिवळा पेन काढून त्यानं लाल रेघेशेजारी आपली रेघ मारली. ती वाकडी आली. पाना शून्यावर आणून त्यानं तो जोलीनला परत दिला.

"तुझ्या आईला सांगतो," तो म्हणाला, "चोरून कशाला बघतेस, बाई. माझ्यासमोर बघ. टॉर्च मी धरीन."