कुसाबाईची जुडी

निकिता, लिही. आपल्या कुसाबाईचं सांगते. मखमलाबादच्या रस्त्याला आपल्या बांधाला लागूनच तिचा मळा. कोथिंबीर, मेथी, शेपू काढायचा, जुड्या बांधायच्या न् मार्केटला धाडायच्या, त्यातच तिचा जन्म गेला. बोलायला लय फटकळ, व्यापाऱ्याला सुदीक ऐकायची नाय. पण पाण्याला भ्यायची.

लहानपणी निफाडकडं माहेरी विहिरीच्या पायरीवरून घसरली होती. बापानं वेणीला धरून वर काढली. तवापासनं पाणी दिसलं की हिचे डोळे मिटले. माझ्यासंगं चर्चला यायची ना, तर रिक्षा गोदावरीच्या पुलावर आली की तोंडावर पदर. पूल मागं गेला गं, असं मी सांगायचे, तरी काढायची नाय. म्हणायची, अक्का, तुम्ही फसवाल.

पहिल्यांदा आली ती निस्ती गाणी ऐकायला. मग प्रार्थनेला बसाया लागली. मग एक दिवस म्हणली, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. नवऱ्याला, मोतीरामला, विचारलं. तो म्हणला, घे की, घरात रोज येशूचंच नाव ऐकतोय मी.

पण आमच्या मंडळीत बाप्तिस्मा म्हंजी पाण्यात उतरायचं न् डोक्यासकट बुडायचं. मंडळीतल्याच सोमनाथचा द्राक्षाचा मळा हाय ना पिंपळगावला, तिथल्या सिमेंटच्या हौदात. दोनदा ही पांढरं लुगडं नेसून तिथवर गेली न् दोन्ही बारीला पायरीवरून माघारी फिरली. पाळकसाहेब माणूस मायाळू. म्हणले, ताई, तांब्यानं डोक्यावर घालू, देवाला तेबी चालतं.

"साहेब," ती म्हणली, "सगळी त्याची व्हायचंय, न् निस्तं डोकंच भिजवू?"

न् कोरड्या लुगड्यानंच घरी आली. 

पुढं एकदा मी तिच्याकडं मिरच्या मागायला गेले. ही आपल्या हौदाशी बसून जुड्या भिजवत होती. घरचा हौद म्हंजी गुडघाभर, तोबी अर्धाच भरायची. जुडी मुळाकडनं मुठीत धरायची, पार बुडवायची, वर काढून झटकायची न् प्लास्टिकच्या क्यारेटमधी ठेवायची. सुकलेला पाला कसा तरारून येतो त्यानं. मी बसले बोलत, न् हिचा हात मधीच थांबला.

"अक्का, मी जुडी कधी पाण्यात सोडलीय का?"

"सोडशील कशाला? काडी काडी सुटंल."

"न् ठेवते किती येळ?"

"ठेवतीस कुठं? लगीच काढतीस."

हातातल्या जुडीकडं बघत राहिली. मग तोंडाला पदर लावून हसली. "मग मी काय देवाला जुडीपेक्षा जड झाले का?" म्हणली. तिथूनच पाळकसाहेबांना फोन लावायला लावला मला.

त्या रविवारी डोळे मिटून एक एक पायरी उतरली ती. ओठ हलत होते. मला वाटलं, काय पाठ केलंय हिनं एवढं? जवळ जाऊन ऐकलं तर, "घट्ट धर, घट्ट धर." देवालाच म्हणत होती. पाळकसाहेबांना वाटलं त्यांनाच सांगतेय, त्यांनी बिचाऱ्यांनी दोन्ही हातांनी आवळून धरली.

गेली पाण्याखाली. आली वर. खोकली, नाकातनं पाणी आलं, न् मान अशी झटकली का कडंला उभा मोतीराम पार भिजला.

तोंड पुसत तो म्हणला, "आता क्यारेटमधी ठेवा हिला."

पाळकसाहेबबी हसायला लागले. मग म्हणले, ताई, वर या, बाकीची मंडळी खोळंबलीत. ही हलंना. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हातानं पाणी इकडं तिकडं करत होती, पोरीसारखी. म्हणली, थांबा जरा, गार लागतंय.

आता पुलावर पदर घेत नाय. उलट मलाच दाखवती, अक्का, आज पाणी चढलंय बघा. विहिरीत मातर अजून वाकत नाय. विचारलं तर म्हणती, तिथं माझं काय काम?

घरचा हौद आता काठोकाठ भरती. कोथिंबीर बघ, सकाळी तिनंच दिलीय. ठेव तो मोबाईल न् निवडायला घे.