साडूंचा मांजरपाटी सदरा

चांद्यापासून सिरोंच्यापर्यंतच्या साऱ्या मुलखात जुजुत्सू, म्हणजे जपानी कुस्ती, येणारा एकच माणूस होता आणि तो नेमका माझा साडू निघावा, हा माझ्या नशिबाचा भाग. लढाईत ब्रह्मदेशाच्या हद्दीवर असताना कुणा गोऱ्या सार्जंटाने आपल्याला ही विद्या दिली, असं ते सांगत. लढाई संपली, साडू मूल गावी भाताच्या गिरणीत मुकादम झाले आणि विद्या गंजू लागली. खेळायला जोडीदार हवा, तो काही मिळेना. एक तरी गडी हा खेळ शिकायला यावा, एवढाच त्यांनी ध्यास घेतला होता. तो येईपर्यंत मग त्यांनी खेळाच्या सदऱ्याचाच संसार मांडला.

हा सदरा म्हणजे जाडजूड, बिनगुंड्यांचा, कमरेला पट्ट्याने आवळायचा. त्याचं कापड निवडायला साडू बाजारात आले की दुकानदार गठ्ठे आत सरकवत. कारण साडू कापडाचं एक टोक पायाखाली दाबून दुसरं दोन्ही हातांनी ओढत. टिकलं तर मांजरपाट, फाटलं तर “लुगड्याचं दिसते” म्हणून परत! पसंत पडलेला तुकडा आटून जावा म्हणून शिंप्याकडे देण्याआधी तो तळ्यात भिजत घातला होता.

धुणं हा तर सोहळाच. सोडा नाही, गरम पाणी नाही, दगडावर आपटणं नाही, वाळवायचा तोही सावलीत. एकदा त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या थोरल्या मेहुणीबाईंनी, घरच्या धोतरांबरोबर त्यालाही भाताच्या पेजेची खळ दिली. सदरा फळीसारखा ताठ झाला आणि साडू जेवायचे थांबले. बाई फणकारल्या, “पोराच्या आजारात येवढा जीव नाई टाकला यायनं. सदरा होय का जावई होय?”

अखेर दिवाळीनंतर शेजारच्या गावी मंडई, म्हणजे जत्रा, भरली. तिथल्या कुस्त्यांत साडू सदरा घालून उतरले. लोकांना खेळ दाखवावा, म्हणजे कुणीतरी शिकायला येईल, हा हिशेब. समोर आला तो एरवी तळ्यावर जाळं टाकणारा एक तरणा गडी, नुसत्या लंगोटावर. साडूंनी हात पुढे केला आणि तसेच थांबले. त्यांचे बहुतेक सगळे डाव समोरच्याचा सदरा धरून करायचे, आणि इथे धरायला कापडच नव्हतं! गड्याला मात्र साडूंची गळपट्टी, बाह्या, पट्टा असं सगळं आयतं मिळालं. इतकं पारखून घेतलेलं कापड कुठेही उसवलं नाही. साडू तेवढे उताणे पडले.

दुसऱ्या दिवशी तोच गडी गिरणीवर हजर. “भाऊ, पडता पडता तुमी माझ्या पायाले कशी अढी घातली जी? तो डाव शिकवा ना मले.”

साडू तडक निघाले. घरी गेले, सदरा आणला आणि त्याच्या अंगात घातला. स्वतः बनियनवर. गिरणीमागे तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावर दोघांची झटापट सुरू झाली. साडूंनी गळपट्टी धरून त्याला फिरवलं आणि खांद्याजवळ कापड टर्रकन फाटलं. बघायला उभा असलेला मी दोन पावलं पुढे सरलो.

“भाऊ, फाटला जी!” गडी घाबरला.

साडूंचे डोळे भरून आले होते. मला त्या वेळी या माणसाची थट्टा सुचेना.

“फाटू दे,” ते म्हणाले. “येवढे वर्षं एकटाच धुवून राह्यलो मी त्याले. ऊठ, आता तू धर मले.”