उंबरठ्यावर लटकलेला एनक

आमच्या हॉबलीच्या कालव्यावर एनक पर्स्लोसारखा माणूस पुन्हा झाला नाही. जन्मला सत्तर फुटी कोळशाच्या बोटीवर, बायको केली तीही बोटीवरचीच. कोळसा ट्रकने जायला लागला, बोट मोडीत निघाली आणि एनक जमिनीवर आला. पण जमीन त्याला काही मानवली नाही.

उन्हाळ्यात शहरातली मंडळी रंगीत बोटी भाड्याने घेऊन मजेत हिंडायला येत. लॉक म्हणजे बोट वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवायचा, दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. त्याचं दार ढकलायच्या लांब दांड्यावर बसून आम्ही चहा पीत त्यांची फजिती बघायचो. नियम एनकचाच: विचारल्याशिवाय सांगायचं नाही. लॉकमधलं पाणी उतरलं की मागच्या दाराशी पाण्याखालचा दगडी उंबरठा उघडा पडतो. बोटीचं बूड, म्हणजे मागचं टोक, त्यावर राहिलं तर ते तिथेच लटकतं आणि तोंड खाली जातं. एका पाद्र्याचं तसं झालं, तेव्हा एनकने सावकाश पाइप पेटवला. म्हणाला, "वरच्याला विचार म्हणावं." हसून हसून आमचा चहा सांडला.

पण मनातून त्याला एकच हवं होतं, मरण्याआधी एकदा सुकाणू धरून इथली पाच लॉकं उतरायची.

पंचाहत्तरीला त्याच्या मुलीने, डोरीनने, बोट भाड्याने घेतली, चाळीस फुटी. तीन दिवस म्हातारा नुसता बसून. "बाबा, तुम्ही चहा घ्या." जावई क्लाइव्ह मात्र दिसेल त्या भिंतीला बोट आपटतोय. चौथ्या लॉकला, म्हणजे आमच्याच, डोरीन वैतागली. "क्लाइव्ह, दे त्यांना आता! माझ्या कपबशा तरी वाचतील. तू जा, पाणी सोडायच्या झडपा उघड."

एनकने टोपी नीट केली आणि बोट आत आणली. भिंतीला जरासाही धक्का नाही! आम्हीसुद्धा टोप्या काढल्या.

आता गंमत ऐका. सत्तर फुटी बोट लॉकमध्ये ठासून बसते, पुढे-मागे हलायला जागाच नाही. जन्मभर ज्या खाच पडलेल्या दगडापाशी तो उभा राहायचा, तिथेच याही वेळी थांबला. पण या बोटीपुढे तीस फूट पाणी मोकळं, ती आणखी पुढे घ्यायला हवी होती. क्लाइव्हने झडपा उघडल्या, आणि बोट हळूच मागे सरकली. एनकने मागे पाहिलंच नाही. जन्मात कधी पाहावं लागलं नव्हतं. तो ऐटीत आमच्याकडे पाहत होता.

मला दिसलं. शेजारच्या बर्टलाही दिसलं.

"सांगायचं का रे?" बर्ट कुजबुजला.

"त्याने विचारलंय का?"

बर्ट फसकन हसला.

बूड अडकलं, तोंड खाली गेलं. कपबशा, किटली, वाढदिवसाचा केक, सगळं घसरत पुढे. "क्लाइव्ह, झडपा बंद कर!" डोरीन किंचाळली. मग वरच्या दाराच्या झडपा उघडून पाणी पुन्हा भरलं तेव्हा बोट सुटली, नाहीतर बुडालीच असती.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "आता खाली बसा."

तो बसला. बोट पुन्हा उतरताना त्याने मान वर करून मला विचारलं, "तुला दिसलं होतं ना?"

"तू विचारलं नव्हतंस, एनक."

पाचवं लॉक क्लाइव्हने उतरवलं, दोन्ही भिंतींना आपटत. त्यानंतर एनक दांड्यावर कधी आला नाही. त्याची जागा फार छान, सकाळचं ऊन बरोबर पाठीवर येतं. आता तिथे मी बसतो.